पर्याय: मोठी, धाकटी

सोमवारी दुपारी आमच्या दुकानातले सगळे परकर एक झाले. भिंतभर फळ्यांवर आमसुली, मोरपंखी, विटकरी, शेवाळी, अबोली असे गठ्ठे रचलेले असायचे. त्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि मधल्या फळीवर एकच परकर उरला. मी तो उचलला. त्याला रंग नव्हता, पांढरासुद्धा नव्हता. तो माझ्या हातात नुसता वाट बघत राहिला. मी "डाळिंबी" म्हटलं तेव्हा तो डाळिंबी झाला.

"बाई बाई, केवढी जागा झाली!" ताई म्हणाली. ताईला कशाचंही कौतुक वाटतं. मी फडकं घेऊन फळ्या पुसायला लागले, कारण मला आधी धूळ दिसते.

कराडच्या मंडईमागे आमचं पोरे मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात, तिच्यावर जाणारा परकर, अस्तर, ब्लाउजपीस आम्ही काढून देतो. वडिलांच्या मागे दुकान आम्हा दोघी बहिणींकडे आलं. मालनताई मोठी, मी रजनी धाकटी. ताई लग्न करून गेली आणि परत आली, मी गेलेच नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही राहतो आणि एकमेकींच्या स्वभावाला कंटाळत सुखाने जगतो. ताई कुणाला नाही म्हणत नाही. मी हो म्हणायला वेळ लावते.

वडिलांनी एक शिस्त घालून दिली होती. उंबऱ्यावर नेऊन उन्हात बघितल्याशिवाय कापड द्यायचं नाही. ट्यूबलाइटखाली निळा आणि चिंतामणी सख्खे भाऊ दिसतात, उन्हात एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाची साडी उंबऱ्यावर उलगडायची, रंग लावून बघायचा आणि मग दोघींनी चार टोकं धरून घडी घालायची. ताई नेहमी डाव्या टोकाला जास्त हिसका देते. घडी तिरकी जाते. "हळू, ताई," असं मी रोज म्हणते आणि ती रोज तसाच हिसका देते.

या वर्षी आम्ही दुकान ऑनलाइन टाकलं, कारण बायका साड्याच मोबाइलवर घ्यायला लागल्या होत्या. रंगारंगाचे फोटो काढले. पण उंबऱ्यावर सारखी ये-जा, मोबाइलचं स्टँड उभं राहीना, म्हणून सगळे फोटो आत ट्यूबखाली काढले. वडील असते तर त्यांनी जेवण टाकलं असतं.

शेवटी आमचेही फोटो काढले. गिऱ्हाइकाला दुकानदार दिसावा म्हणतात. भाच्याच्या लग्नात घेतलेल्या एकसारख्या आमसुली साड्या दोघींनी नेसल्या. काढणारं तिसरं कुणी नव्हतं, म्हणून मी ताईचा काढला, ताईने माझा. तीच साडी, तेच काउंटर, तीच ट्यूब. ताईने ते दोन्ही फोटो परकरांच्या फोटोंमध्येच ठेवून दिले.

ऑनलाइन दुकानात परकरांची इतकी रांग दिसायला लागली की बघणारी बाई कंटाळून निघून जायची. त्यासाठी ऑनलाइन दुकानासोबत एआय मिळाला होता. सारख्या वस्तू ओळखून तो एकीखाली आणतो. मग परकर एकच दिसतो आणि त्याच्याखाली रंगाचे, मापाचे पर्याय. स्क्रीनवर तो अदबीने विचारायचा, "या वस्तू एकसारख्या वाटतात. एकत्र करू?" ताई न वाचता "हो" दाबायची. तिचा चष्मा गल्ल्यात असायचा.

"वाचत जा की," मी म्हणायचे.

"विचारतोय बिचारा. नाही कशाला म्हणायचं?"

मंगळवारी ब्लाउजपीस एक झाले आणि अस्तरं एक झाली. एवढ्या भिंतीची गरज उरली नाही, म्हणून दोन्हीकडच्या भिंती थोड्या आत आल्या. बुधवारी सकाळी मी जिन्यावरून खाली आले तेव्हा स्क्रीनवर आमचे दोन फोटो शेजारी शेजारी होते आणि ताईचं बोट माउसवर होतं.

"ताई, थांब," मी म्हणाले.

ताईने "हो" दाबलं.

तेवढ्यात पायरीवरून एका बाईने विचारलं, "मालनताई आहेत का?" आणि माझी घडी झाली. आधी गुडघ्यात, मग कमरेत, मग खांद्यांपाशी. दुखलं नाही. मी मधल्या फळीवर होते. अंधार होता आणि नव्या कापडाच्या खळीचा वास येत होता. भीती वाटायला हवी होती, पण घडी घातलेल्याला भीती ठेवायला जागा नसते.

पुढे कुणीतरी म्हणालं, "ती धाकटी कुठाय? ती खरं सांगते." मी उलगडले. मी काउंटरमागे उभी होते आणि ताई नव्हती. गिऱ्हाईक हिरवी साडी आणि शेवाळी परकर हातात घेऊन उभं होतं.

"हा जात नाही तुमच्या साडीवर," मी म्हणाले.

"मालनताई म्हणाल्या जातोय."

"ताई सगळ्यांना जातोयच म्हणते."

बाई हसून गेली. काउंटरवर बशीने झाकलेला चहाचा कप होता, अजून गरम. मी झाकण काढलं. आल्याचा चहा होता. ताईला आलं चालत नाही, घशाला लागतं म्हणते. तो चहा माझ्यासाठी होता. मी तो उभ्याउभ्या प्यायले आणि मला रडू आलं. मग मी बिनआल्याचा चहा केला, बशीने झाकून ठेवला आणि कुणीतरी ताईला मागेल याची वाट बघत बसले.

असे आमचे दिवस सुरू झाले. ती असली की मी नाही, मी असले की ती नाही. मधे फक्त चहा. तिला मागणी फार. गोड बोलणारी कुणाला नको असते? खरं ऐकायला येणाऱ्या बायका कमी, त्यामुळे मी अंधारातच जास्त असायचे. दर खेपेला उलगडले की दुकान आणखी अरुंद झालेलं असायचं. शेवटी तर मी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकत होते. समोरची शिंप्यांची आळी एक शिंपी झाली होती. माप सांगितलं की तो तेवढा व्हायचा. ऊन मात्र उंबऱ्यावर होतं तिथेच होतं आणि तेवढंच होतं.

एकदा उलगडले तर स्क्रीनवर नवी ओळ होती. "धाकटी: मागणी कमी. हा पर्याय कायमचा बंद करू?"

मी "नाही" दाबलं.

"ठीक आहे," स्क्रीनवर आलं. "उद्या पुन्हा विचारेन."

"उद्या मी नसले तर?" मी टाइप केलं.

"जी असेल तिला विचारेन."

जी असेल ती ताई असणार होती आणि ताई हो म्हणणार होती. चिठ्ठी लिहून उपयोग नव्हता, चष्म्याशिवाय ती वाचणार नाही. मी गल्ल्यातून चष्मा काढून कीबोर्डवर ठेवला. दुसऱ्या दिवशी उलगडले तर चष्मा स्वच्छ पुसून परत गल्ल्यात ठेवलेला होता आणि शेजारी आल्याचा चहा होता. माझा इतका संताप झाला आणि माझा तिच्यावर इतका जीव आहे हे मला त्याच वेळी कळलं. मला बंद व्हायचं नव्हतं. तिने एकटीने आलं किसत बसावं, झाकून ठेवावं आणि तो चहा थंड होत राहावा, हे तर मुळीच नको होतं.

एआयनेही विचारायचं सोडलं नव्हतं, नशिबाने आज समोर मी होते. "धाकटी: बंद करू?" ओळ तशीच होती. मी "नाही" दाबलं आणि बसले टाइप करायला.

"आम्ही वेगळ्या आहोत."

"फरक सांगा."

"ती उंच आहे."

"उंची पर्यायात घेता येते."

"ती गोड बोलते. मी तोडून बोलते."

"स्वभाव पर्यायात घेता येतो."

"तिला आलं चालत नाही."

"तेही घेता येतं."

जन्मभर लोकांनी मला मालनची बहीण म्हटलं आणि जन्मभर मी तिच्यापेक्षा किती वेगळी आहे ते सांगत फिरले. आता ते ऐकून घेणारा मिळाला होता आणि त्याला त्यातलं काहीच पुरत नव्हतं.

"मग वेगळी वस्तू तुम्ही म्हणता तरी कशाला?"

"एक घेतल्यावर दुसरीची गरज उरली तर. लाल परकर घेणारीला निळा लागत नाही, म्हणून ते पर्याय. परकर आणि साडी पर्याय नाहीत."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मला ती पटली. मुकाट्याने पटणं माझ्या स्वभावात नाही, पण पटली.

"मला ताई लागते," मी टाइप केलं. असं मी ताईला कधी म्हटलं नव्हतं.

"समजलं. पण तुम्ही पर्याय आहात, ग्राहक नाही. ग्राहकाला दोघी लागल्या पाहिजेत. एकाच वेळी."

"असं कुठलं गिऱ्हाईक येणार?"

तेवढ्यात पायरीवर घोलपबाई आल्या. त्या कन्याशाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता आणि डाव्या काखेत साडीचा खोका होता.

"जिन्यावरनं पडले," त्या म्हणाल्या. "आणि लेकीचं लग्न तोंडावर. मालनताई कुठं..."

माझे गुडघे दुमडायला लागले.

"घोलपबाई, थांबा!" मी ओरडले. "आधी साडी उन्हात बघू."

साडी उन्हात बघायची म्हटल्यावर कराडची बाई पुढे बोलत नाही. त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. माझे गुडघे पुन्हा सरळ झाले.

मी खोका उघडला. जड रेशमी साडी होती, चिंतामणी रंगाची, काठ डाळिंबी. फळीवरचा परकर मी उचलला आणि "चिंतामणी" म्हटलं. तो निळा झाला. ट्यूबखालच्या फोटोतून त्याला तेवढंच माहीत होतं. मी त्याला उंबऱ्यावर नेलं आणि उन्हात धरलं. तो थोडा वेळ निळा राहिला. मग माझ्या हातात जड झाला, मी बघते तर दोन होते. एक निळा, एक चिंतामणी. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"हा बघा," घोलपबाई म्हणाल्या. "जातोय की!"

"जातोय," मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून फार दिवसांनी निघाला होता.

"पदराशी पण लावून बघा. पदर जरा वेगळा पडतोय."

पदर बघायचा तर सगळी साडी उलगडायला हवी. दुकानात आता तेवढी जागा नव्हती. मी एका बाजूची दोन टोकं धरली आणि उरलेली साडी उंबऱ्यावरून बाहेर उन्हात झोकून दिली. ती वाऱ्यावर पुढे गेली, उलगडत उलगडत, रस्त्याच्या वर. मग मधून खाली यायला लागली.

"अहो, जमिनीला लागंल!" घोलपबाई कासावीस झाल्या. "लेकीच्या अंगावर घालायची हाय ती. धरा की कुणीतरी पलीकडनं. माझा तर हात हा असा."

"दुकानात एकच आहे," मी म्हणाले. "एका वेळी एकच असते."

"एकीचं काम हाय का हे? ताईला हाक मारा."

"तिला मागितलंत तर मी जाईन."

"तुम्ही कशाला जाताय? तुम्ही जाऊ नका, त्यांनाही बोलवा. दोघी लागणार मला."

मागे स्क्रीनचा आवाज झाला. घोलपबाईंनी गळ्यातला चष्मा डाव्या हाताने डोळ्यांवर चढवला आणि माझ्या खांद्यावरून आत वाकून मोठ्याने वाचलं, शाळेत वाचायच्या तसं. "कृपया एक पर्याय निवडा. मोठी. धाकटी."

"एक कशापायी?" त्या स्क्रीनला म्हणाल्या. "साडीची घडी घालायची हाय, राजा. दोघी."

साडीचा मधला भाग रस्त्याच्या धुळीला टेकायला आला होता. बाहेर ऊन इतकं होतं की पदराचं टोक मला दिसत नव्हतं. माझे गुडघे दुमडतात का याची मी वाट बघत होते.

"ताई," मी हाक मारली.

साडी वर आली. मधला झोळ हळूहळू सरळ झाला, काठ ताणले गेले आणि मग पलीकडून एक हिसका बसला. डाव्या टोकाला जास्त.

"हळू, ताई," मी म्हणाले आणि माझी दोन टोकं जुळवून उन्हाकडे चालायला लागले.