दोन रेघांचं बाळ

विश्रांतवाडीच्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. बाहेर चपलांचा ढीग, आत उदबत्त्यांचा धूर आणि व्यासपीठावर संततीदाते श्री यज्ञेश्वर महाराज. गर्दी अडाण्यांची होती असं कुणी समजू नये. कोथरूडहून स्कूटरवर आलेल्या प्राध्यापिका होत्या, बँकेतले अधिकारी होते. नवससायास आमच्यात चालत नाहीत, असं ही मंडळी अभिमानाने सांगत. त्यांचा विश्वास औषधाच्या दुकानातून आणलेल्या गर्भचाचणीच्या पट्टीवर, आणि महाराजांचा चमत्कार नेमका पट्टीवरच उमटायचा.

"आम्ही अंगारे देत नाही," महाराज म्हणत. "आमचं सगळं शास्त्रशुद्ध. आधी पट्टीवर एकच रेघ दाखवा, मग कृपा घ्या. मंतरलेलं तीर्थ तोंडाने घेतलंत तर पोटात जातं, सुईने घेतलंत तर कुशीत जातं. तिसऱ्या दिवशी घरीच पट्टी बघा. पथ्य एकच. सोनोग्राफी करायची नाही. यंत्राची दृष्ट कोवळ्या जिवाला सोसत नाही."

पडद्यामागे एक शिष्य सुई टोचायचा. तिसऱ्या दिवशी खरोखर दोन रेघा दिसायच्या आणि पुढच्या गुरुवारी पेढे वाटले जायचे. पुढे रेघ पुसट होऊन पाळी आली, की महाराज आवाज खाली आणून विचारायचे, "ताई, पथ्य मोडलंत ना?" दुसऱ्या गुरुवारी ती बाई दिसायची नाही.

शेवटच्या रांगेत डॉक्टर पद्मजा बसल्या होत्या. वंध्यत्वावर उपचार करत, पण आयुष्याचा मोठा भाग दवाखान्यामागच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या आठवड्यातले गर्भ बघण्यात गेलेला. पुष्कळसे गर्भ अगदी सुरुवातीलाच आपसूक थांबतात आणि त्यात आईचा दोष नसतो, हे त्यांनी जन्मभर मांडलं. वर्तमानपत्रात लेखही लिहिला. महाराजांनी त्याचं कात्रण चौकटीत बसवून शेजारीच ठेवलं होतं.

"मोठ्या डॉक्टरीणबाईच लिहितात, गर्भ थांबतो. का थांबतो ते त्यांना ठाऊक नाही, आम्हाला आहे."

संशोधनाचा असा उपयोग झालेला बघून पद्मजाबाईंच्या अंगाची लाही लाही होत होती. पण त्या आल्या होत्या नीरजासाठी.

नीरजा त्यांची जुनी पेशंट. तिचा आणि नवऱ्याचा, माधवचा, शेवटचा एक गर्भ प्रयोगशाळेत गोठवून ठेवला होता. तो कुशीत सोडायची वेळ आली आणि ती नको म्हणाली. मधल्या काळात सासूबाईंनी, मथुराबाईंनी, तिला महाराजांकडे नेलं होतं. दोन रेघा आल्या. न राहवून ती सोनोग्राफीला गेली. यंत्रावर काहीच दिसलं नाही, आणि आठवड्याभरात रेघही गेली.

"मी मारलं त्याला, मॅडम," ती म्हणाली. "एकाला खाल्लं. दुसऱ्याला कशाला बोलावू?"

मथुराबाई तेव्हापासून सुनेच्या हातचं जेवत नव्हत्या.

"रेघ कधी आली?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. सगळ्यांनाच येते."

तिथे पद्मजाबाईंच्या डोक्यात लख्ख झालं. तिसऱ्या दिवसाचा गर्भ त्यांच्या रोजच्या ओळखीचा. जेमतेम आठ पेशी, अजून आईच्या बीजवाहिनीतच तरंगणाऱ्या. पट्टीवर उमटणारं हार्मोन तयार व्हायला गर्भ आधी कुशीला चिकटावा लागतो. मग ही रेघ गर्भाची नव्हतीच, सुईची होती. तेच हार्मोन त्यांच्या फ्रिजमध्येही होतं. बीज पक्व व्हावं म्हणून त्या ते टोचत आणि प्रत्येकीला बजावत, "लगेच पट्टी बघू नका, खोटी रेघ येईल." दवाखाने जी फसगत टाळायला धडपडतात, तिचंच ह्या माणसाने दुकान थाटलं होतं.

हे ऐकल्यावर माधवने बाही वर केली. "मला टोचा," तो म्हणाला.

आणि आज, ज्यांना कृपा झाली त्यांनी पुढे यावं असं महाराज म्हणाले, तेव्हा माधव पट्टी घेऊन व्यासपीठावर चढला.

"दोन रेघा. आज सकाळच्या."

"सूनबाईंना आशीर्वाद," महाराज म्हणाले.

"बायकोची नाही ही. माझी तपासणी आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. पद्मजाबाई उठल्या आणि आपण माधवला काय टोचलं, महाराजांच्या सुईत काय असतं, ते त्यांनी सरळ सांगून टाकलं. "पट्टी हार्मोन ओळखते. ते बाळाचं की बाटलीतलं, हे तिला कळत नाही."

महाराज क्षणभरच गडबडले. "बघा कृपेचं सामर्थ्य. पुरुषालासुद्धा."

आणि काही जणांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"मग ह्यांचं बाळंतपण कुठे करायचं, तेही सांगून ठेवा," पद्मजाबाई म्हणाल्या आणि व्यासपीठावर चढून त्यांनी पडदा ओढला. मागे खोक्यात बाटल्या होत्या. लेबलं खरवडलेली, पण एकावरचं त्या हार्मोनचं नाव अर्धं उरलेलं. एका प्राध्यापिकेने ते मोठ्याने वाचलं. शिष्य केव्हाच मागच्या दाराने पसार झाला होता, महाराज त्याच्या मागोमाग गेले. अर्धा हॉल रिकामा झाला. उरलेल्या बायका जागच्या हलल्या नाहीत. महाराज पुन्हा कधी बसतील, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

सासूबाईंबरोबर आलेली नीरजा भिंतीला टेकून उभी होती. पद्मजाबाई तिच्यापाशी गेल्या. "तू कुणालाही मारलं नाहीस. मारायला तिथे कुणी नव्हतंच."

त्यांना वाटलं होतं, पोरगी सुटेल. तिने तोंडात पदर कोंबला आणि ती पहिल्यापेक्षा जास्त रडली.

"नव्हतंच?" ती म्हणाली. "मारणारी का होईना, आई होते मी. तुम्ही तेवढंही काढून घेतलंत."

मथुराबाई शेजारीच होत्या. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, पण मान वर केली नाही. नीरजाने डोळे पुसले.

"तो गोठवलेला कुशीत सोडा, मॅडम. पण मला पट्टी दाखवू नका. यंत्रावर ठोका दिसला, तरच सांगा."

"तोही थांबू शकतो, नीरजा."

"ठाऊक आहे. पण थांबला तर माझ्यामुळे नाही."

तुमच्या घरातल्या एखादीवर कुणी बुवा असा दोष ठेवत असेल, तर आधी त्याला विचारा, हे कशावरून? सुईत काय आहे? यंत्राला का घाबरता? ही विचारपूस आपण टाळतो, आणि त्याची भरपाई दर वेळी घरातली बाई करते.