पादरीसाहेबांची दहा मिनिटं

सलोमीनं दोरा दातानं तोडला आणि झग्याचा खिसा उलटा करून टाका ओढून पाहिला. धुऊन धुऊन पांढरं कापड इतकं विरलं होतं की टाका धरेल याचा भरवसा नव्हता. हा खिसा आतल्या बाजूला होता, डाव्या छातीवर, बटण लावलेला. दुसऱ्या कुठल्या पाळकाच्या झग्याला तिनं असा खिसा पाहिला नव्हता.

"बाबा, काढून टाकू का हा? कापडच उरलं नाही."

सुदामराव उंबऱ्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. सैन्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मुदखेडच्या या दोन खोल्यांत बूट रोज चमकत. तेवीस वर्षं ते पलटणीत धर्मगुरू होते. जवान त्यांना पादरीसाब म्हणत, आणि पंडितजी रजेवर गेले की देवळातली आरतीही त्यांच्याकडूनच करून घेत. आता दर गुरुवारी ते नांदेडच्या दवाखान्यात जाऊन ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशांच्या खाटेशी बसत.

"राहू दे, माय. वीरेशचा खिसा हाय तो."

सुई सलोमीच्या बोटांत थांबली. हे नाव या घरात निघत नसे.

"शिंपी म्हणला, पादरीसाब, क्रूस ठेवायला का?" सुदामराव बुटाकडे बघतच हसले. "म्हणलं, न्हाई रे, शंकराला ठेवायचंय. माप विसरला गडी."

वीरेश उदगीरकडचा लिंगायत जवान. बर्फाच्या कड्याखाली सापडून गेला. त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग सामानाच्या पेटीत गेलं असतं, पेटीला सील लागलं असतं, आणि ती महिन्यानं घरी पोचली असती. लिंगायताला तर ते तळहातावर घेऊनच मातीत जायचं असतं. पलटणीत ही गोष्ट ठाऊक असलेला एकच माणूस होता, तो पादरी. साहेबांची परवानगी काढून त्यांनी ते फडक्यात गुंडाळलं, या खिशात ठेवलं आणि तीन दिवस शवपेटीसोबत प्रवास केला. गावाबाहेर पोचले तर मानवंदनेच्या गडबडीत कुणी लाकडं रचून ठेवलेली. "ह्यांच्यात जाळत न्हाईत," असं सांगून त्यांनी ती उचलायला लावली आणि खड्डा खणून घेतला.

त्याच तीन दिवसांत लातूरच्या दवाखान्यात सलोमीची आई शेवटच्या घटका मोजत होती. हैदराबादहून सुदामरावांना सरळ लातूर गाठता आलं असतं. पेटीसोबत दुसरं कुणी गेलं असतं. फोनवर तसं कळवून ते वीरेशच्या गावी गेले. लातूरला आले तेव्हा बायकोच्या कबरीवरची माती सुकायला लागली होती. दफनभूमीच्या फाटकात बावीस वर्षांची सलोमी त्यांना एवढंच म्हणाली होती, "शेवटपर्यंत दाराकडं बघत होती."

ते खोटं नव्हतं. पण बघता बघता आईनं एक निरोपही दिला होता, नवऱ्याला सांगण्यासाठी. तो सलोमीनं दिला नाही. आधी रागानं. मग राग विरला, तेव्हा इतके दिवस का ठेवला या लाजेनं. चौदा वर्षं झाली. सुदामरावांनी त्या वाक्यावर कधी उलटून काही विचारलं नाही.

"बाबा..."

"हां?"

त्यांनी मान वर केली. हातातल्या ब्रशवर काळं पॉलिश, चष्मा नाकावर घसरलेला. तिनं झगा झटकला.

"काही नाही. गाडी चुकेल तुमची."

"आपली गाडी कवा टायमावर आली, म्हणून चुकंल?"

झगा पिशवीत घालून ते गेले. संध्याकाळी परतले, पिठलं-भाकरी जेवले, मीठ कमी आहे म्हणाले आणि तरीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सकाळी सलोमी चहा घेऊन गेली तेव्हा ते कुशीवर निजलेले होते, भिंतीकडं तोंड करून. कप खाली ठेवून तिनं खांद्याला हात लावला. मग बराच वेळ तिनं तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत पेटी मांडली. तोच झगा अंगावर. गल्ली माणसांनी भरली होती. लोह्याचे, बिलोलीचे माजी सैनिक छातीवर पदकं लावून आले होते. दवाखान्यातली एक आया कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. सलोमी येणाऱ्याला पाणी देत होती, रिकामे पेले गोळा करत होती, विसळत होती. पेटीकडे ती फारशी जात नव्हती.

प्रार्थना झाली. पाळकांनी घड्याळ पाहिलं.

"ऊन वाढायच्या आत निघू. झाकण लावा."

दोघांनी झाकण उचललं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"थांबा हो. दहा मिन्टं थांबा."

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात काठी, धोतर प्रवासात चुरगळलेलं. मागे त्याची म्हातारी. सलोमीनं त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी मलप्पा. वीरेशचा बाप. ही लक्ष्मम्मा."

पेला सलोमीच्या हातातच राहिला.

"आजोबा, दर्शन घ्या ना," पाळक म्हणाले. "पण दहा मिनिटं कशाला?"

"मला न्हाईत. पोरीला." मलप्पानं काठीनं तिच्याकडं दाखवलं. "माझ्या पोराच्या टायमाला समदे घाई करून ऱ्हायले. मानवंदना, फोटू, पुढारी. ह्या मानसानं समद्यांना भाईर काढलं. दार वढून घेतलं आन् आमच्याकडं पाठ करून हुबा ऱ्हायला. म्हणला, बोलायचं ऱ्हायलं असंल ते बोला, मी ऐकत न्हाई."

"आमच्या ह्यांनी तर पोराची माफी मागितली," लक्ष्मम्मा म्हणाली. "जन्मात कुणाची मागितली नव्हती."

"तू शिव्या दिल्या ते सांग की."

"दिल्या. मला इचारल्याबिगर भरती झाला म्हणून. पोटभर दिल्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "मंग हलकी झाले."

मलप्पा पेटीजवळ आला. वाकून त्यानं झग्याच्या डाव्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि ती कपाळाला लावली.

"फोन वाजत हुता ह्यांच्या खिशात. तीनदा वाजला. म्हणलं, घ्या की साहेब. मान हलवली. आमची दहा मिन्टं सरंपर्यंत हात दाराच्या कडीवरनं हलला न्हाई." तो सलोमीकडं वळला. "कुणाचा फोन हुता, ते आमाला मागनं कळलं, अव्वा."

तीनदा. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तीनदाच लावला होता तिनं. आई गेली, एवढंच सांगायला.

"त्याला सोताला न्हाई गावली दहा मिन्टं," मलप्पा म्हणाला. "तुला गावू दे."

माजी सैनिकांतला एक जण आधी बाहेर पडला, मग बाकीचे. पाळकांनी झाकण भिंतीला टेकवलं. लक्ष्मम्मानं सलोमीच्या हातातला पेला काढून घेतला आणि तीही गेली. मलप्पानं दार ओढून घेतलं, कडीवर हात ठेवला आणि आतच, पेटीकडं पाठ करून उभा राहिला.

सलोमी पेटीशी खाली बसली. झग्याच्या आत, तिच्या टाक्यांनी धरलेला तो खिसा बोटांना लागला.

"बाबा," ती म्हणाली. तिनं पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं. "बाबा, आई दाराकडं बघत होती. पण मग म्हणाली, ते आले की सांग, त्या माउलीचं लेकरू आधी पोचवलं, बरं केलं. मला सोडून तिकडं गेलो म्हणून झुरत बसू नका म्हणावं. त्याला दुसऱ्याच्या हवाली करून आले असते, तर मीच बोलले नसते त्यांच्याशी."

दाराशी काठी किंचित हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

"हे आईचं झालं. मी दिलं नाही तुम्हाला." तिनं झग्याची कॉलर नीट केली. "आता माझं. बरं केलंत, बाबा."