वैऱ्याला ऊब देणारी पेटी

मी एक जुनी ऊबपेटी आहे, मित्रांनो. अलेक्झांड्रियाच्या एका प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. माणसाच्या अंगाइतकी ऊब धरून पेशी वाढवायच्या, हे माझं काम. नवी होते तेव्हा लोक माझं कौतुक करायचे. आता डोक्यावर खोकी रचतात.

एकदा इथल्या संशोधक नगलाने माझ्या पोटात तिच्या वैऱ्याला आणून ठेवलं. तिची थोरली बहीण इनास अंडाशयाच्या कर्करोगाने गेली होती, आणि या तिच्याच गाठीतून काढलेल्या पेशी होत्या. चांगल्या पेशीला ‘वाढ’ असा निरोप येतो आणि काम झालं की थांबतो. या मेल्यांचा निरोप थांबतच नव्हता. नगलाने औषधाने त्याची वाट अडवली, तर चार दिवस गप्प बसून त्यांनी दुसरी वाट काढली. मला त्यांचा असा संताप यायचा!

रमजानात एका संध्याकाळी ती त्यांचं गुलाबी पोषणपाणी बदलत होती. सोबत काम करणारा वगदी दारातून ओरडला, “अगं, रोजा सोडायची तोफ झाली! स्वतः उपाशी आणि वैऱ्याला जेवण?”

“आधी त्याचं पोट भरते, मग गळा आवळते,” ती म्हणाली.

रोजा सोडायच्या घाईत माझं दार उघडंच राहिलं. गार वारा आत आला. मरू देत गारठून, असं मला वाटलं. पण मग दुसरी वाट कोणती, हे नगलाला कधीच कळलं नसतं. मी दात-ओठ खात भोंगा वाजवला. ती तोंडातल्या खजुरासकट धावत आली.

पुढे तिला ती वाट सापडली. तिने दोन्ही वाटा एकदम अडवल्या.

“मेल्या गं, सगळ्या मेल्या!” वगदी नाचला. मलाही आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नगला मात्र रडली. “इनासचं एवढंच जिवंत उरलं होतं रे.”

“वेडे, औषध न दिलेल्या तिच्या पेशींची बशी आहे की शेजारी, जिवंत.”

तिने डोळे पुसले. बशीतला सूड म्हणजे माणसातला सूड नव्हे, औषध अजून खूप पडताळायचं आहे, हे तिला ठाऊक होतं.

मित्रांनो, म्हणून मला भंगारात काढू नका. माझं दार पुसा, पाणी भरा. मला अजून या वैऱ्याला पोसायचं आहे.

नगलाने ती बशी उचलली आणि पेशींना म्हणाली, “जेवा. अजून पुष्कळ बायकांचा हिशेब चुकता करायचाय तुम्हाला.”