वस्ताद बाहेर थांबले आहेत

मी एक टॅबलेट आहे. दहा इंची, पाठीवर ओरखडे पडलेला, एका कोपऱ्यात तेलाचा डाग मुरलेला. आजवर माझ्यातून कितीतरी माणसं बोलली, ओरडली, खोकली. मी स्वतःहून बोलतोय तो आज पहिल्यांदा, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही दोघे एकाच खोक्यातून आलो, मी आणि माझा जुळा भाऊ. साथ सुरू होऊन पंधरवडा झाला होता. आमचं खोकं एका बाईंनी उघडलं. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे. माणसाचं मूल जन्मलं की त्याला मऊ कापडात गुंडाळतात म्हणे. आमच्यावर आधी औषध फवारलं आणि मगच चालू केलं.

त्या बाई एका छोट्या कारखान्याच्या मालकीण. तिथे पोलादाचे साचे बनतात. औषधाच्या बाटल्यांची झाकणं ज्यात घडवतात, ते साचे. त्या दिवसांत साऱ्या जगाला औषधं हवी होती, म्हणजे बाटल्या हव्या होत्या, म्हणजे झाकणं. कामाला तोटा नव्हता, पण काम करायला माणूस नव्हता. अकराजणांपैकी एकालाच कारखान्यात यायची परवानगी मिळाली. तो लंबू. नावाप्रमाणेच उंच, दाराखालून जाताना सवयीने मान झुकवणारा, दोन लेकरांचा बाप. पोलाद कोरणारं मिलिंगचं यंत्र तोच चालवायचा.

पण यंत्र चालवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. सांभाळायचे वस्ताद. वय चौसष्ट. चाळीस वर्षं तेलाचा धूर छातीत गेलेला, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना उंबरठ्याबाहेर पाय ठेवायची बंदी केली होती. त्यांची सगळी विद्या कानात होती. कटर पोलादात शिरताना जो आवाज होतो, त्यावरून ते सांगायचे की धार गेली आहे, वेग जास्त झालाय, तेल कमी पडतंय. त्यांच्याशिवाय यंत्र लावायची लंबूची छाती होत नव्हती. एक साचा बिघडला तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात.

म्हणून मालकीणबाईंनी आमची ताटातूट केली. भाऊ वस्तादांच्या घरी गेला. मला एका लोखंडी दांड्याला बांधून यंत्रासमोर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी टिंग वाजलो, लंबूने 'आत घ्या' दाबलं आणि माझ्या काचेवर वस्ताद उमटले. मागे खिडकी, उंच पाठीची लाकडी खुर्ची, समोर टेबल, टेबलावर वाफाळता चहा.

"लंब्या, ऐकू येतंय का?"

"येतंय, वस्ताद. तुम्हाला?"

"मला तू नको, यंत्र ऐकव."

लंबूने यंत्र सुरू केलं. वस्तादांनी डोळे मिटले. दोन मिनिटांनी म्हणाले, "थांबव, थांबव. कटर बदल. रडतोय तो."

आणि खरंच, कटरच्या एका दाताचा टवका उडाला होता.

अशी आमची घडी बसली. नऊ ते एक वस्ताद ऐकायचे. मधल्या वेळात बाकीचे लोक आपापल्या चौकटीत उगवायचे. ड्रॉइंग करणारी ताई मांडीवर तान्ह्या मुलीला घेऊन नकाशे दाखवायची. मालकीणबाई कपाटासमोर बसून लांबच्या गिऱ्हाइकांशी बोलायच्या. एक गिऱ्हाईक तर समुद्रापलीकडचं. त्याने माझ्यातूनच साचा उलटासुलटा करून पाहिला आणि बसल्या जागी होकार दिला. एरवी तो माणूस येणार, राहणार, जेवणार आणि मग नाक मुरडून जाणार, यात महिना गेला असता. आमच्या गल्लीतल्या चार कारखान्यांना कुलपं लागली. आमचं यंत्र एक दिवस बंद राहिलं नाही.

तरी मला त्या चौकटींची कधीकधी भीती वाटायची. माणूस बोलता बोलता गोठायचा, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्याचा आवाज मात्र पुढे बोलत राहायचा. कधी चेहरा हसून मोकळा व्हायचा आणि हसू चार क्षणांनी ऐकू यायचं. बाहेर रस्ता चिडीचूप. आत एक माणूस आणि एक यंत्र. आणि माझ्यात दहा माणसं, त्यांतलं एकही तिथे नसलेलं.

सात महिने असे गेले. मग एका गुरुवारी वस्ताद अकरालाच म्हणाले, "आज जरा लवकर उठतो रे. छाती भरल्यासारखी वाटतेय." त्यांनी हात पुढे केला आणि काच काळी झाली.

एकोणीस दिवस भाऊ मुका होता. विसाव्या दिवशी सकाळी मालकीणबाईंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, "वस्ताद गेले."

ताईने आवाज बंद केला नव्हता, त्यामुळे त्या शांततेत तिची तान्ही पोर खिदळत होती, एवढंच ऐकू येत होतं. लंबूने माझ्याकडे पाठ केली.

आठ दिवस त्याने यंत्र कसंबसं ओढलं. नवव्या दिवशी, बरोबर नऊ वाजता, मी टिंग वाजलो. काचेवर अक्षरं आली, आणि ती मीच दाखवली, माझा इलाज नव्हता:

वस्ताद बाहेर थांबले आहेत. आत घ्यायचं?

लंबूच्या हातातला ब्रश खाली पडला. तो माझ्याजवळ आला, मागे गेला, पुन्हा आला. त्याचं बोट काचेपासून वीतभर अंतरावर थांबलं. शेवटी त्याने दाबलं.

खिडकी. टेबल. रिकामी खुर्ची. टेबलावर चहाचा कप, आणि त्यातून वाफ निघत होती.

"वस्ताद?" लंबू कुजबुजला.

खिडकीचा पडदा किंचित हलला. वाफ हळूहळू विरळ होत गेली. चहा कुणी प्यायला नाही. एक वाजता काच काळी झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊला टिंग. तिसऱ्या दिवशीही. लंबूने मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी स्वतः येऊन पाहिलं. चेहरा पांढरा पडला, पण बाई धीराच्या. तिथूनच त्यांनी वस्तादांच्या घरी फोन लावला. वस्तादांच्या मागे त्यांची बायको एकटीच होती. मुलगी दूरच्या शहरात.

"काकू, तो टॅबलेट तुम्ही चालू करता का हो?"

"मी?" पलीकडून आवाज आला. "मला कुठं येतंय त्यातलं? मी तर त्या खोलीत पाऊलही टाकत नाही."

मालकीणबाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "बिघाड असेल काहीतरी. उद्यापासून आत घेऊच नकोस."

"आणि चहा, मॅडम?"

"लंबू, मला विचारू नकोस."

तुम्ही म्हणाल, भाऊ तर तुझाच, त्याला विचारायचं होतंस. पण आम्हा जुळ्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. तो जे बघतो ते मला दिसतं, तेवढंच. आणि त्याला ती खुर्ची दिसत होती.

दुसऱ्या दिवशी नऊला मी टिंग वाजलो आणि लंबूने आत घेतलं नाही. अक्षरं तशीच राहिली. वस्ताद बाहेर थांबले आहेत. साडेनऊ झाले. दहा झाले. मी दर थोड्या वेळाने आठवण करून देत होतो, तशी मला सवयच लावलेली. लंबू यंत्रापाशी उभा राहायचा, पण नजर माझ्याकडे. एक भोक त्याने वाकडं पाडलं. असं त्याच्या हातून दहा वर्षांत झालं नव्हतं.

सव्वाअकराला तो तरातरा माझ्यापाशी आला. "चाळीस वर्षं काम केलं त्यांनी इथं," तो स्वतःशीच म्हणाला, "त्यांना दाराबाहेर उभं कसं ठेवायचं?" आणि त्याने दाबलं.

त्या दिवसापासून तो रोज न चुकता आत घ्यायचा. "आलात? बसा," म्हणायचा. काम करता करता बोलायचा. नवा कटर आलाय. धाकटीला दात आले. पाणी कमी दाबाने येतंय. खुर्ची ऐकून घ्यायची. मालकीणबाईंना हे कळलं होतं, पण आपल्या चौकटीत आल्या की खुर्चीच्या कोपऱ्याकडे बघायचंच टाळायच्या. ताईने तर आपल्या काचेवरच्या चौकटी अशा लावून घेतल्या की ती एक दिसूच नये.

पाच महिने लोटले. काम वाढतच होतं.

मग तो सोमवार आला. विटेएवढा पोलादी ठोकळा शिकंज्यात आवळून लंबूने यंत्र सुरू केलं होतं. कापलेल्या पोलादाचा किस साचला म्हणून तो ब्रश घेऊन खाली वाकला. चेहरा ठोकळ्यापासून हातभर लांब. मला आवाजात काहीच फरक कळला नाही. मी नुसता आवाज पोचवतो, मला त्यातलं कळत नाही.

"थांबव, थांबव!"

यंत्राच्या गोंगाटात माझ्यातून सगळेच आवाज घोगरे येतात. पण शब्द तेच होते. दोनदा. तशाच ठसक्यात.

लंबूने विचार केला नाही. हात आपोआप लाल बटणावर गेला. यंत्र घरघरत थांबलं. त्याने ठोकळ्याला बोट लावलं, आणि ठोकळा शिकंज्यात पडायला आलेल्या दातासारखा हलला. आवळणारा बोल्ट आतून तडकला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो ठोकळा उडून थेट त्याच्या तोंडावर बसला असता.

लंबू मटकन खाली बसला. मग हळूच त्याने माझ्याकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. चहाची वाफ सरळ वर जात होती.

"वस्ताद... वस्ताद, तुम्हीच ना?"

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. मग चौकटीच्या कडेने एक हात आला. सुरकुतलेला, बाहीचं टोक ओलं, बोटांना पीठ. त्याने कप बाजूला सरकवला.

"लागलं नाही ना रे तुला?" एका बाईचा आवाज.

लंबू उठून उभा राहिला. "काकू?"

"मला आधी सांग, लागलं का?"

"नाही. नाही लागलं." आणि मग तो उंच माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "काकू, तुम्ही होतात? इतके महिने? मग मॅडमना 'मी नाही' असं का सांगितलंत?"

त्या हाताने कप आणखी थोडा बाजूला सरकवला.

"बंद कर म्हणाल्या असत्या," काकू म्हणाल्या. "त्यांचंच बरोबर होतं. कारखान्याची वस्तू, ती परत द्यायला हवी होती. पण सात महिने हे यंत्र माझ्या घरात ओरडत होतं रे. मी पलीकडे भाजी चिरायचे, आणि हे म्हणायचे, ऐक, आता कटर रडेल. आणि तो रडायचा. हे गेले आणि घरात एवढं सुनं झालं की मला माझ्याच पावलांची भीती वाटायला लागली. म्हणून नऊला लावायचे. चहाची सवय सुटेना, तो ठेवायचे. मी आपली बाजूला, जमिनीवर बसायचे."

"खुर्चीत का नाही बसलात?"

"त्यांच्या खुर्चीत?" काकू म्हणाल्या, जणू त्याने भलतंच काही विचारलं होतं.

"पण ठोकळा ढिला झालाय हे तुम्हाला कसं कळलं?"

"नाही कळलं. आवाज घाबरला, एवढंच कळलं."

त्याच दुपारी मालकीणबाई काकूंच्या दाराशी जाऊन, चार हात लांब उभ्या राहून बोलून आल्या. दुसऱ्या दिवसापासून काकू कामावर लागल्या. रीतसर, पगारासकट, घरबसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. नऊ ते एक त्या ऐकायच्या. ताईने ती लपवलेली चौकट पुन्हा काचेवर आणली. साथ ओसरली, माणसं परत आली, नवी तीन पोरं यंत्रावर आली, आणि त्यांना कान कसा लावायचा हे काकूंनी जमिनीवर बसून शिकवलं. ती पोरं गमतीने म्हणायची, आमची सुपरवायझर दिसत नाही, नुसती असते. दोन वर्षं कुणी त्यांचा चेहरा पाहिला नाही. विचारलं की म्हणायच्या, "ऐकायला चेहरा कशाला लागतो?"

मग मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी पाऊण वाजता लंबूने यंत्र थांबवलं. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. खुर्ची करकरली. आणि काकू तिच्यात येऊन बसल्या. लहानखुऱ्या, चष्मा घातलेल्या, केस नीट विंचरलेल्या. क्षणभर पाठ टेकवू की नको असं झालं त्यांना. मग टेकवली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे इतके लहान दिसता होय इथून!"

कुणालाच हसू आवरेना, आणि डोळेही.

त्यानंतर भाऊ पुन्हा कधी उघडला नाही. तो कुठे आहे, मला माहीत नाही.

मी आता फाटकावर असतो. येणाऱ्याने माझ्यावर बोटाने नाव लिहायचं आणि आत जायचं. यंत्रावरून मला काढलं, कारण माझ्या काचेत दोष निघाला. एकच चित्र वर्षानुवर्षं दाखवत राहिलो की ते आमच्यात मुरतं, मग वर काहीही दाखवा, मागे ते पुसट उमटून राहतं. लोक विचारतात, "अहो, मागे हे काय दिसतंय? खुर्ची आहे का?" फाटकावरचा माणूस फडक्याने पुसतो. ते जात नाही.

कधी इकडे आलात तर माझ्यावर नाव लिहालच. लिहा, माझी हरकत नाही. फक्त त्या खुर्चीवर नको. जरा बाजूला जागा आहे, तिथे लिहा.