माझ्या तोंडाशी सुकलेलं गंध

मी कॉलम बोलतोय, कुंभकोणातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला. वीतभर स्टीलची नळी, पोटात पिठाहून बारीक कण, त्यांच्यावर तेलकट लेप. डांबरातली, धुरातली कार्बनच्या कड्यांची अ‍ॅरोमॅटिक संयुगं माझ्यातून ढकलली की लहानगं नॅफ्थलीन लेपाला जेमतेम चिकटून आधी सुटतं. चार-पाच कड्यांची मोठी मंडळी रेंगाळत शेवटी निघतात. पडद्यावर प्रत्येकाचं वेगळं शिखर उमटतं. भावाभावांच्या वाटण्यांना वर्षं लागतात, मला अर्धा तास पुरतो.

मंगलानं मला जिवापाड जपलं. घरात जुनी मराठी बोलणारी ही तंजावरकडची मुलगी. आयुधपूजेला तिनं मला यंत्रातून सोडवलं, सरस्वतीपुढे ठेवलं आणि माझ्या तोंडाशी चंदनाचं गंध लावलं. टोपण लावायचं तेवढं राहिलं. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो, म्हणून कुणी पुसलंही नाही. गंध आतल्या जाळीत सुकून बसलं.

मग सुंदरपेरुमाळ कोयिल गावाहून शिवकामीच्या विहिरीचं पाणी आलं. शेजारच्या गोदामातलं डांबर वर्षभर तिच्यात झिरपतंय. तिची सून गरोदर आहे, आणि दुसरं पाणी लांब आहे.

मी जीव तोडून झटलो, पण कर्करोग आणणारं बेंझोपायरीन आणि त्याच्या जरा आधी सुटणारं संयुग एकमेकांत मिसळूनच बाहेर पडत होती. मला माझीच लाज वाटली.

"सार, दोन शिखरें एकच दिसतात. कसें लिहूं?" मंगलानं विचारलं.

"वेगळें दिसत नाहीं तर सांपडलें नाहीं म्हणून लिही," आमचे प्रमुख गोपालकृष्ण म्हणाले. "नवा कॉलम यायला पंधरा दिवस लागतील."

लिहू नकोस गं, मी आतून ओरडत होतो. तिनं मला सोडवलं, उजेडात धरलं आणि तोंडाशी सुकलेलं पिवळं गंध पाहिलं.

"मींच लावलें होतें, सार."

तिनं मला उलटा जोडला. माझ्या तोंडून पिवळट पाणी बशीत पडत राहिलं. नमुन्याचे शेवटचे थेंब उरले होते. मला पुन्हा सुलटा जोडून ते तिनं माझ्यात सोडले. एकविसाव्या मिनिटाला ते आधीचं संयुग सुटलं. मग थोडी मोकळी जागा. मग बेंझोपायरीन, एकटं, उंच.

मंगलानं तिथूनच शिवकामीला फोन लावला आणि ते पाणी आजपासून कुणालाही देऊ नका, असं तमिळमध्ये सांगितलं.

उलटं वाहून आता माझ्यात दाब टिकत नाही, मला काढून टाकतील. टाका. पण पुढच्या कॉलमला आधी टोपण लावा, मग गंध.

शिवकामीनं फोनवर एवढंच विचारलं, "आणि आजवर सून प्यायली ते?" पोटात गेलेलं तेवढं वेगळं काढणं मला येत नाही.