ब्रेकच्या डबीतलं लाल तेल

पोपटने बॉनेट उचललं, ब्रेकऑइलच्या डबीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि झाकण परत लावून टाकलं. तेल लाल होतं. ब्रेकचं तेल पिवळसर असतं. लाल असतं ते पॉवर स्टिअरिंगचं, आणि ते ब्रेकमध्ये गेलं की आतली रबरं फुगतात, ब्रेक चाकाला धरून बसतो. झालेलंही तसंच. सकाळी विश्रामसाहेब बायकोला घेऊन आंबिवलीला मेव्हणीकडे निघाले होते. कशेळीच्या पुलाजवळ चाकातून धूर आला. वासंतीबाई रिक्षाने घरी गेल्या, आणि एकवीस वर्षांची ती गाडी टो होऊन बाळकुमला पोपटच्या गॅरेजात आली. नशीब, साहेब हळू चालवतात.

"ही माझीच चूक आहे, पोपट," स्टुलावर बसलेले साहेब म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, चूक कबूल करतानाही पुरावा सोबत आणणार. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "गेल्या आठवड्यात ब्रेक जड वाटला म्हणून घरीच ह्यातलं घातलं. चष्मा लावला नव्हता."

पोपटने त्यातला एक थेंब बोटावर घेतला. पिवळा. बाटली अगदी बरोबर होती.

मग लाल तेल घातलं कुणी? पोपटची नजर भिंतीजवळच्या रॅककडे गेली.

सुटी तेलं तो पाण्याच्या जुन्या बाटल्यांत ठेवायचा. बाटल्या इतक्या मळलेल्या की आतलं काही दिसायचं नाही. डावीकडे ब्रेकचं, उजवीकडे स्टिअरिंगचं. हात आपोआप जायचा. तीन आठवड्यांपूर्वी खंडेनवमीला त्याच्या बायकोने, हौसाबाईने, हत्यारांच्या पूजेसाठी रॅक पुसला आणि बाटल्यांची अदलाबदल झाली. दसऱ्याच्या संध्याकाळी साहेब गाडीला हार घालून आले, "थोडं ब्रेकऑइल टाक रे" म्हणाले. पोपट दिवसभर राबून मेटाकुटीला आलेला, तेलाच्या धारेकडे बघतो कोण? दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. त्याने बाटल्या गुपचूप जागेवर ठेवल्या. काल कुणाच्या गाडीत काय गेलं, हा विचार मनात आलेला. त्याने तो झटकून टाकला.

"धुऊन भागणार नाय, साहेब," तो म्हणाला. "मास्टर सिलिंडरपासून पाइपापर्यंत सगळंच बदलावं लागेल."

तेवढ्यात फोन वाजला. डोंबिवलीहून साहेबांची मुलगी आसावरी. दोन वर्षं ती गाडी विकायच्या मागे लागली होती. "पोपटकाका, आईचा फोन आला होता. खरं सांगा, बाबांनीच काहीतरी भलतं घातलं ना? त्यांची चूक असेल तर आता गाडी बंद. मी ऐकणार नाही."

आता गप्प बसलं तर म्हाताऱ्याची गाडी जाणार. बोललं तर बाळकुममधलं तीस वर्षांचं नाव. पोपटला एकदम फार थकल्यासारखं झालं. त्याने फोनवर तळवा दाबला.

"साहेब, तुमची बाटली बरोबर आहे. लाल मी टाकलेलं. दसऱ्याला."

आता शिव्या पडणार, पडू देत, म्हणून तो उभा राहिला. पण साहेबांचा चेहराच उतरला.

"हे आत्ताच सांगायचं होतं का रे?" ते हळूच म्हणाले. "वर्ष झालं, गाडी चालवायची भीती वाटते मला. समोरचा ट्रक अगदी जवळ आला की मग दिसतो. पण वासंती दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला तयार नाही. म्हणते, तुम्ही असलात की मला काळजी नसते. तिला कुठल्या तोंडाने सांगू? सकाळी धूर निघाला तेव्हा सुटलो असं वाटलं."

"काका? हॅलो?" फोनमधून आवाज आला.

साहेबांनी पोपटच्या हातातून फोन घेतला. "आसावरी, माझंच चुकलं. तेल चुकीचं घातलं मी. तू गिऱ्हाईक बघ."

फोन ठेवून त्यांनी खिशातून चावी काढली. "ही तुझ्याकडेच राहू दे. घरी दिसली की वासंती परत आंबिवलीला जायचं काढणार." ते उठले, गुडघे चोळत रस्त्याकडे बघत राहिले. "आणि हे दसऱ्याचं कुणाला बोलू नकोस. एवढं माझ्यासाठी कर."

पोपटने मान हलवली. नाव शाबूत राहिलं होतं, आणि खरं काय ते आता त्याला कधीच कुणाला सांगता येणार नव्हतं.