कायम स्थलांतरित

"कोन म्हनते तानी गाव सोडून गेली म्हून? नाव सांगा मले त्याचं!" चिंधूने ग्रामपंचायतीच्या टेबलावर तळहात आपटला, तसा पाण्याचा पेला हिंदकळला.

बत्तीस वर्षे गावची कोतवाली केलेल्या चिंधूने सरकारी टेबलावर हात आपटण्याचा हा पहिलाच प्रसंग. मार्चअखेर तो निवृत्त झाला होता. त्यामुळे आता आवाज चढवायला हरकत नाही, असे त्याने घरून निघतानाच ठरवले होते. शेजारी त्याची धाकटी विधवा बहीण तानाबाई पदर सावरून उभी होती. ती कालच तेलंगणातून मिरचीची तोड संपवून परतली होती. बोटांची आग अजून शमली नव्हती, म्हणून दोन्ही हात तिने अंगापासून जरा लांब धरले होते. घरकुलाच्या यादीतून तिचे नाव उडाले, ही बातमी तिला घरी पोहोचण्यापूर्वी फाट्यावरच कोणीतरी सांगितली होती.

"काका, मी इथं येऊन दोनच महिने झाले," ग्रामसेविका समीक्षा मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कागदात जे आहे ते वाचते. 'सदर महिला कायम स्थलांतरित झाली असून तिचे घर कुलूपबंद आढळले. ती परत येण्याची शक्यता नाही.' फेब्रुवारीतला पंचनामा आहे. दोन पंच आहेत."

"तेच तं म्हनतो मी! कोन आहे थे पंच? आना त्याले माह्यासमोर!"

मॅडमनी फाइल फिरवून त्याच्यापुढे सरकवली. मजकूर पंचायतीचे लिपिक बंडूजी यांच्या वळणदार अक्षरात होता. पहिल्या जागी ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या तानबाचा अंगठा. दुसऱ्या जागी सही होती, तिच्यातल्या 'धू'चा उकार लांबवर ओढलेला.

तानाबाईला अक्षर ओळखता येत नव्हते. तो उकार मात्र येत होता. तरुणपणी प्रौढांच्या वर्गातून परतल्यावर चिंधूने तो कोळशाने तिच्याच घराच्या भिंतीवर शंभरदा गिरवला होता, आणि सारवताना तिने तो शंभरदा पुसला होता.

"हे तं तुही सही होय, भाऊ," ती म्हणाली.

चिंधूचा हात टेबलावरून खाली आला.

गावात कोणताही पंचनामा व्हायचा तो दोन पंचांनिशी, आणि त्यातला दुसरा पंच ठरलेला. गारपीट असो, विहिरीत पडलेली म्हैस असो, वीज पडून गेलेले झाड असो. पहिला पंच जो सापडेल तो, दुसरा कोतवाल. लोक शेतावर गेले की सह्यांसाठी दिवस मोडतो, म्हणून बंडूजी आठवड्याचे कोरे नमुने सोमवारीच पुढे ठेवत. "चिंधू, इथं मार, अन् इथं. मजकूर मी भरतो निवांत." चिंधू मारत असे. त्यात त्याला कधी काही गैर वाटले नाही, उलट एक प्रकारचा मानच वाटला. आजूबाजूच्या गावांतले कोतवाल अंगठे उठवत होते, त्या काळापासून तो सही करत आला होता. आणि बंडूजी काही परका नव्हता. एकाच गल्लीत दोघे वाढले, एकाच विहारात बसले; चिंधूची बायको गेली तेव्हा तेरा दिवस बंडूजीच्या घरून डबा आला होता. अशा माणसाने पुढे केलेला कागद वाचायचा, म्हणजे त्याच्या ताटातला घास हुंगून खाण्यासारखेच झाले असते.

दुपारी तो बंडूजीच्या अंगणात गेला तेव्हा बंडूजी खाटेवर बसून टीव्हीचा रिमोट दुरुस्त करत होते.

"ये, बस. उन्हाचा काऊन फिरून राह्यला? चहा ठेवाले सांगू?"

"चहा नको. तानीचं नाव तुमी काऊन काटलं, बंडूजी?"

बंडूजींनी रिमोटमधला सेल काढून तळहातावर फिरवला. "मी कोन काटनारा? तपासनीवाले आले, घराले कुलूप. चार महिने मानूस गावात नाई, याले सरकारी भाषेत स्थलांतरच म्हनते."

"अन् तिच्या जागी अंकितचं लागलं. तुमच्या पुतन्याचं."

"यादीत त्याचाच नंबर होता खाली."

"अंकित वर्ध्याजवळ सिंदी मेघेत राह्यते सहा वर्सांपासून. थो स्थलांतरित नाई?"

"थो नोकरीवर हाय. येते-जाते."

"तानी येते-जाते नाई?" चिंधू खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला. "बावीस वर्सं झाले, दर संक्रांतीले जाते अन् उन्हाळ्यात येते. जातानी कुलूप लावते, म्हून गाव सोडलं? कुलूप तं मानूस वापस याचं असलं म्हून लावते, बंडूजी! सोडून जानारा काहाले लावन?"

बंडूजी हसले; त्या हसण्यात खोट नव्हती, हेच चिंधूला सहन झाले नाही. "बाप्पा! वकील होऊन राह्यला का आता म्हातारपनी?"

चिंधूला हसू आले नाही. कोतवालीत त्याने 'स्थलांतरित' हा शब्द कितीतरी कागदांवर पोहोचवला होता आणि तो कोणाला चिकटतो, हे त्याला आता एकेक आठवत होते. नागपुरात बंगला बांधलेल्या दुकानदाराचे गावातले घर दहा वर्षे बंद होते. त्याला हा शब्द कधी लागला नाही. पुण्यात संगणकाच्या कचेरीत बसलेल्या गावच्याच पियुषला लागला नाही. तो 'नोकरीनिमित्त बाहेरगावी' होता. मोटारीने जाणारा बाहेरगावी जातो, आणि जो डोक्यावर भांडी व बगलेत अंथरूण घेऊन जीपच्या टपावर चढतो, तो मात्र स्थलांतरित होतो. मग 'कायम' हा शब्द पुढे जोडायला शाईचा एक थेंबसुद्धा जास्त लागत नाही.

"तुमी माह्या सहीनं केलं," तो एवढेच म्हणाला.

"कोन्याच्या तरी सहीनं कराच लागते न." बंडूजींनी आवाज खाली आणला. "पाय, चिंधू. आता तिकडे जाऊन कोऱ्यावर सही केलती म्हनशीन, तं तुह्या बत्तीस वर्सांच्या साऱ्या पंचनाम्यावर बोट येईन. ज्याले गारपिटीत काई भेटलं नाई, थो तुह्या दारात उभा राहीन. इज्जत आहे तुही गावात. तानीचं पुढच्या यादीत पाहू."

"तेरा दिवस डबा पाठवलता तुमी," चिंधू म्हणाला. "मले वाटलं, डबा देनारा अन् कागद भरनारा मानूस एकच असन." आणि तो अंगणाबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायत उघडताच दोघे भाऊबहीण समीक्षा मॅडमसमोर होते. चिंधूने जबाब उभ्या उभ्याच सांगितला: सही माझी, मजकूर माझ्यासमोर लिहिला नाही, कागद कोरा होता; माझी बहीण दरवर्षी जाते आणि दरवर्षी येते. 'कागद कोरा होता' हे शब्द त्याने उच्चारताच दाराशी उभे असलेले दोघे शेतकरी एकमेकांकडे पाहू लागले, ते त्याला पाठीतूनही कळले.

"काका, यानं नाव लगेच परत लागेल असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या जागी अंकितच्या घराला मंजुरी गेली आहे. मी हे वर पाठवीन. चौकशी तुमचीही होईल."

"होऊ द्या." त्याने जबाबाखाली सही केली. उकार या वेळी आखूडच राहिला.

मग बहिणीच्या तक्रारीचा कागद त्याने तिच्यापुढे सरकवला, शाईची डबी उघडली आणि सवयीने तिचा अंगठा धरायला हात पुढे केला. "इथं मार, तानी."

तानाबाईने हात मागे घेतला. आवाजात राग नव्हता. चार महिने परमुलखात मुकादमाशी बोलावे, तसा तो बेताचा होता.

"मॅडम, तुमी वाचून दाखवा मले," ती म्हणाली. "सारं. वरतून खालपर्यंत."

मॅडम वाचू लागल्या. गाव, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. तानाबाई मान किंचित कलती करून प्रत्येक शब्द ऐकत होती, मध्येच थांबवून पुन्हा वाचायला सांगत होती, आणि चिंधू उघडी डबी हातात धरून तसाच तिच्या शेजारी उभा होता.